दुपारची पाळी

बारा वाजून नऊ मिनिटांनी पंप बंद पडला. काल बारा सातला पडला होता, परवा बारा अठराला. राजनंदिनीने वहीत वेळ लिहिली आणि पेन इतक्या जोरात दाबलं की खालच्या पानावरही आकडे उमटले.

पाटातलं पाणी दोन मिनिटं वाहिलं, मग रेंगाळलं, मग होतं तिथेच मातीत जिरलं. पानमळ्याच्या बत्तीस वाफ्यांपैकी नऊ भिजले होते. उरलेल्या तेवीस वाफ्यांतले वेल शेवरीच्या खोडांना धरून माना टाकून उभे होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा. नागवेलीला या दिवसांत पाण्याचा खाडा चालत नाही. चार दिवस चुकले तर पान पिवळं पडतं, आठ दिवस चुकले तर वेलच जातो, आणि नव्या वेलाची पानं खुडायला येईपर्यंत वर्ष निघून जातं.

"पडला का गं?" बांधावरून आत्याने विचारलं.

"पडला."

आत्या म्हणजे ठमाबाई, पानमळा त्यांचाच. डोळ्यावर काळा चष्मा, पदर कपाळापर्यंत. बारामतीला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी महिनाभरासाठी बजावलं होतं. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. म्हणून वालचंदनगरच्या क्वार्टरमधून भावाची मुलगी मदतीला आली होती. राजनंदिनीची एम.एस्सी.ची परीक्षा नुकतीच संपली होती, विषय पदार्थविज्ञान. महिनाभर पाणी धरायचं, बस्स, असं वडील म्हणाले होते. निमगाव केतकीच्या शिवारात पाणी धरणं म्हणजे काय, ते वडीलही बहुधा विसरले होते.

विहीर तिघांची सामाईक. त्यावर सौर पंप, तोही तिघांचा. सकाळपासून साडेअकरापर्यंत दादासोची पाळी, साडेअकरा ते दोन ठमाबाईंची, दोनपासून दिवस मावळेपर्यंत दत्तोबाची. दादासो हा ठमाबाईंचा चुलत दीर, दत्तोबा त्याच भावकीतला. दरवर्षी पाडव्याला विहिरीच्या काठावर नारळ फुटायचा आणि वर्षभराच्या पाळ्या ठरायच्या. ठरायच्या म्हणजे दादासो सांगायचा आणि बाकीचे खोबरं खायचे. "वैनींना दुपार. बारा वाजता ऊन डोस्क्यावर, पाणी बदाबदा. अडीच तासांत त्यांचं समदं भिजतंय," हे त्याचं दरवर्षीचं वाक्य. उपकार केल्यासारखं.

आणि यंदा पाडव्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून पंप नेमका बाराच्या सुमाराला बंद पडायचा आणि दोनच्या आसपास आपोआप सुरू व्हायचा.

राजनंदिनी तडक दादासोच्या वस्तीवर गेली. तो गोठ्यासमोर बाजेवर बसून होता. दत्तोबा शेजारी तंबाखू मळत होता.

"तात्या, पंप पुन्हा बंद पडलाय."

"माझ्या पाळीला तर मस्त चालला."

"दोनला माझ्या पाळीला बी चालंल," दत्तोबा म्हणाला. "तुमच्याच पाळीला काय हुतं त्येला, कुणास ठाऊक."

"पॅनल तापतात म्हणून बंद पडतो. पंपाच्या पेटीवर कमी व्होल्टचा दिवा लागतो. मी पेटीतलं पुस्तक वाचलं."

दादासो हसला. "पोरी, उन्हावर चालतंय ते उन्हानं बंद पडंल व्हय?"

"मंग पावसात लई झ्याक चालंल की!" दत्तोबाने चिमूट ओठात सोडली आणि दोघं खिदळले.

"पॅनलला उजेड लागतो, तात्या. उष्णता लागत नाही. उष्णतेने उलट..."

"आगं, कंपनीचा माणूस येऊन गेला की न्हाय? काय म्हणाला?"

कंपनीचा माणूस आला होता. सकाळी आठ वाजता, गार हवेत, चालत्या पंपाशेजारी उभं राहून त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि 'पंप सुस्थितीत' असं लिहून सही घेऊन गेला. सही दादासोची.

"बारा वाजता बोलवा त्याला," राजनंदिनी म्हणाली.

"बारा वाजता त्येला बी ऊन लागतंय की." दादासोने बाजेवर पाय पसरले. "बटण नीट दाबत जा. शेरातल्या हाताला गुण येत न्हाय लगेच."

तिचे कान तापले. वर्गात एखादा मुलगा तिला असं बोलला असता, तर तिने त्याला फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावलं असतं. इथे फळा नव्हता. ती वळली, गोठ्याला टेकवलेली शिडी धरली आणि कुणाला न विचारता वर चढली.

पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर होते. जमीन अडायला नको म्हणून दादासोने ते तिथे बसवून घेतले होते. मुळात दहा, पण दिवाळीत एकावर दगड पडून काच फुटली तेव्हा तो वगळून तारा जोडल्या होत्या. उरले नऊ. पॅनल आणि पत्रा यांच्यात चार बोटांची फट होती. म्हणजे असायला हवी होती. फटीत हात घालायला ती वाकली आणि तिच्या बोटांना उसाचं पाचट लागलं. नऊच्या नऊ पॅनलांखाली ठासून भरलेलं, उशीत कापूस भरावा तसं.

"हे कुणी भरलं?" ती वरून ओरडली.

"म्या. पाडव्यानंतर," दादासो खालून म्हणाला. "पत्र्यावर पाचट टाकलं की गोठा गार ऱ्हातोय. बापजाद्यापासनं टाकतोय. पॅनल बी गार ऱ्हात्याल म्हणून हितं बी कोंबलं."

तिला हसावं की पाचटाचा भारा त्याच्या डोक्यावर टाकावा ते कळेना. पाचट वरचं ऊन खाली जाऊ देत नाही, हे खरं. पण पॅनलची उष्णता त्याच्या पाठीतूनही बाहेर पडायची असते. पाठीला वारा लागला तर तो निवतो. दादासोने त्याच्या पाठीला गोधडी बांधली होती, तीही वैशाख तोंडावर असताना. शिवाय तारांच्या जोडांशी वाळलेलं पाचट, एक ठिणगी पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती बारामतीला गेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सहीवर तापमापक आणला. लांबून रोखला की आकडा दाखवणारा, पिस्तुलासारखा. त्यापुढचे दोन दिवस दर पंधरा मिनिटांनी ती शिडीवर होती. नऊ वाजता पॅनल पंचेचाळीस अंश. अकराला एकाहत्तर. बारा वाजून पाच मिनिटांनी ब्याऐंशी. त्याच वेळी पेटीवरचा आकडा तीनशेवरून घसरत घसरत दोनशे त्रेसष्ट व्होल्ट. पंपाला किमान दोनशे सत्तर लागतात. दहावा पॅनल असता तर हे धकून गेलं असतं. पाचट नसतं तरी धकलं असतं. दोन्ही मिळून बरोब्बर आत्याच्या पाळीवर आले होते.

इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. तिला नुसता राग आला. पंप बंद पडला तेव्हा ती वरच होती. तिने ओढणी डोक्याला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पाचट उपसायला सुरुवात केली. पात्यांनी मनगटं चिरली. गरम काच कोपराला भाजली. ती उपसत राहिली आणि भारे खाली फेकत राहिली. दादासो कारखान्यावर गेला होता, अडवायला कोणी नव्हतं. पाऊण तासाने पेटीवर दोनशे पंच्याहत्तर आलं आणि पंप धडधडला. त्या दिवशी वीस वाफे भिजले.

साडेतीनला दादासो बांधावर आला. तो धावत आला होता.

"माझी गाय मारतीस व्हय गं? चल! बघ चल!"

गोठ्यात त्याची संकरित गाय जीभ बाहेर टाकून उभी होती. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. शेजारची दुसरी खाली बसली होती आणि उठत नव्हती. दादासोची बायको ओली पोती त्यांच्या पाठीवर टाकत होती. तिने राजनंदिनीकडे वळूनही पाहिलं नाही.

राजनंदिनीने तापमापक वर रोखला. पत्र्याची खालची बाजू एकसष्ट अंश. तिने पत्र्याच्या वरून चाळीस वेळा तापमान मोजलं होतं. खालून हे पहिल्यांदाच.

"पुन्यांदा माझ्या पत्र्यावर चढलीस तर शिडीच काढून टाकीन," दादासो म्हणाला. "आन् वैनीला सांग, पाणी लागंल तर इंदापूरवरनं टँकर बोलवा म्हणावं."

संध्याकाळपर्यंत पाचट पुन्हा जागच्या जागी गेलं.

"कुणाचा राग आलाय तुला?" रात्री भाकरी वाढताना आत्याने विचारलं.

"त्यांचा." भाकरी मोडत ती पुढे म्हणाली, "माझापण. गाईंचा विचारच नाही केला मी."

"गाई उठल्या आत्ता. मी बघून आले." आत्याने चष्मा काढून डोळ्याच्या कडा अलगद टिपल्या. "त्येचं खोटं न्हाय, नंदे. गुरं तापत्यात. आन् माझं बी खोटं न्हाय. येल जळत्यात. आता दोन्हीला गार करायचं असंल तर काय करशील ते सांग. शिकलीस कशाला मग?"

ते बोलणं तिला पाचटाच्या पात्यासारखं लागलं. त्याच रागात तिने वहीत गोठ्याचं चित्र काढलं. पत्रा, त्यावर पॅनल, मधे फट. मग फट मोठी केली. मग आणखी मोठी. दीड फूट. पॅनल वर उचलले की खालून वारा शिरेल, तापलेली हवा वरच्या टोकाने आपसूक निघून जाईल आणि तिच्या जागी खालून नवी येईल. पंखा नको, मोटर नको, विजेचा एक कणही जादा नको. पॅनलची सावली पत्र्यावर पडेलच. उरलेल्या पत्र्याला पांढरं केलं की तो ऊन परतवेल. पांढरं कशाने? ते आत्याच्या खोपटातच पडलं होतं. वेलाच्या मुळाला कूज लागू नये म्हणून मोरचुदात कालवायला आणलेला चुना, दीड पोतं.

वडिलांना फोन केला. राम जगताप कारखान्यात तीस वर्षं वेल्डर होते. "नऊ पॅनलांना छत्तीस पाय," ते म्हणाले. "भंगारात अँगल हायेत, विकत घेतो. वळवाचा वारा उचलून नेईल, तिरक्या पट्ट्या मारायला लागतील. रविवारी येतो." त्यांनी एवढंच विचारलं, "दादासो तयार हाय का?"

दादासो तयार नव्हता. त्याला तयार केलं ते चुन्याने. आत्या स्वतः गेली, काळा चष्मा लावून, आणि म्हणाली, "भावजी, तुमच्या गाईंसाठी आलेय." गाईंचं नाव निघाल्यावर त्याला नाही म्हणता येईना. पत्र्याच्या एका खणाला राजनंदिनीने चुना मारला. दुपारी एकला त्या खणाखाली सत्तेचाळीस अंश होते, शेजारच्या खणाखाली एकसष्ट. दादासोने आकडा पाहिला नाही. त्याने हात वर करून आधी एका पत्र्याला लावला, मग दुसऱ्याला, आणि झटकन मागे घेतला.

"गुरांसाठी करतोय हां," तो म्हणाला. "पानमळ्यासाठी न्हाय."

रविवारी वडील टेम्पोतून छत्तीस पाय घेऊन आले. दिवसभर नटबोल्टांवर लोखंडी पाने खणखणत होते. सोमवारी बारा वाजून पाच मिनिटांनी पॅनल पासष्ट अंशावर होता आणि पेटीवर दोनशे सत्त्याऐंशी व्होल्ट. पंप थांबला नाही. दोन वाजता आत्याचे बत्तीसच्या बत्तीस वाफे भिजले होते, आणि पाण्याला दुसरीकडे वळवायचं कुठे, हा प्रश्न त्या मळ्यात पहिल्यांदाच पडला होता.

राजनंदिनी वीस लिटरची बादली पाइपाखाली धरून सेकंद मोजत होती. दादासो बघायला आला.

"काय मोजतीस?"

तिने वही पुढे केली. आठवडाभराच्या रागानंतर तिला दाखवायचंच होतं. "सकाळी नऊला बादली भरायला अकरा सेकंद लागतात. बारा ते एक सात सेकंद. म्हणजे दुपारी दीडपटीहून जास्त पाणी. तुम्हीच म्हणायचात ना, ऊन डोक्यावर, पाणी बदाबदा? आता ते खरं झालंय."

दादासोने पान नीट पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि पानाचा फोटो घेतला. "हुशार हायस," तो म्हणाला. तिला ते आवडलं. नंतर कितीतरी दिवस तिला त्या आवडण्याचाच सगळ्यांत जास्त राग येत राहिला.

गुरुवारी साडेअकराला ती पाणी वळवायला गेली, तर दादासो पाटाच्या दाराशी खोरं घेऊन उभा होता. दत्तोबाही होता. दार दादासोच्या उसाच्या बाजूला उघडं होतं.

"तात्या, साडेअकरा झाले."

"झाले की. आजपासनं दुपार माझी. वैनींना सकाळ. गार हवेत बसून पाणी धरावं, डोळ्याचं आपरेशन झालंय त्यांचं."

"सकाळी किती पाणी येतं?"

"ते तूच लिवलंस की." त्याने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. तिचं अक्षर, तिचा तक्ता, अकरा आणि सात. आकड्यांखाली तिनेच रेघ मारलेली. "माझा ऊस साडेचार एकर, त्यांचा मळा पंधरा गुंठे. जास्तीचं पाणी जास्तीच्या रानाला. शिकलेल्या माणसाला पटाया पायजे."

"हे चोरीचं काम आहे!" तिचा आवाज फाटला. "बंद पंपाची पाळी त्यांची, आणि चालता झाला की तुमची? पाय माझ्या वडिलांनी केले, चुना आत्याचा..."

"आवाज खाली. पत्रा माझा हाय."

आत्या बांधावर येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पानमळ्यात देवळासारखंच कुणी चप्पल घालून जात नाही, म्हणून ती तशीच अनवाणी आली होती.

"भावजी, पाडव्याला नारळ फोडला तवा काय ठरलं हुतं?"

"तवा पॅनल खाली हुतं, वैनी. आता वर हाय. समदंच बदललं."

"व्हय?" आत्या म्हणाली. "मंग खाली घेऊ."

ती गोठ्याकडे चालू लागली. खुंटीवर रविवारपासून लटकत असलेला तेरा नंबरचा पाना तिने काढला, पदर खोचला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आत्या, डॉक्टरांनी..." राजनंदिनी धावली.

"शिडी धर."

तिने शिडी धरली. शिडीचा लोखंडी दांडा हाताला भाजत होता. वर आत्या गुडघ्यांवर बसली, पहिल्या पायाच्या नटाला पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. नट सुटला, पत्र्यावरून गडगडत आला आणि राजनंदिनीच्या पायाशी पडला. खाली गोठ्यात गाईने मान वर केली.

"वैनी! उतरा खाली! डोळा जाईल!"

"डोळा माझा हाय." दुसरा नट गडगडला. "पाय माझ्या भावानं केल्यात. पत्रा तुझा हाय, दादासो. ज्याचं त्याला दिऊन टाकते. पाचट बी भर आन् दुपार बी घे."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी नुसतं दादासो म्हटलं नव्हतं, कधी अरेतुरे केलं नव्हतं. तिसऱ्या नटाला पाना लागला तेव्हा दत्तोबा पुढे झाला. आत्याची दया येऊन नव्हे. त्याने उन्हाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला.

"दादासो, पॅनल उतरलं तर दोनला माझं काय? माझा कांदा जळंल की! दे सोडून. पाडव्यापर्यंत हाय तसं ऱ्हाऊ दे."

"तुला कुणी इचारलं?"

"मला कोन इचारणार? पंप तिघांचा हाय. माझी बी बारी हाय त्यात."

दादासो थुंकला. मग खोऱ्याने दोन घावांत आपल्या बाजूचं दार मातीने बुजवलं आणि पानमळ्याकडचं उघडलं. "ऱ्हाऊ दे. पाडव्यापर्यंत ऱ्हाऊ दे. म्होरचं म्होरं बघू."

"म्होरच्या पाडव्याला ह्योच पाना घिऊन यीन," आत्या वरून म्हणाली.

तिला उतरवून सावलीत बसवल्यावर राजनंदिनी वर चढली आणि दोन्ही नट पुन्हा घट्ट केले. पॅनलखालून वारा तिच्या चेहऱ्यावर येत होता, चांगला झोंबणारा. तिला कळत होतं की आपण जिंकलेलो नाही. आत्याची होती तीच पाळी परत मिळाली होती, तीही अकरा महिन्यांपुरती, आणि ती तिच्या तक्त्याने नव्हे, एका पान्याने आणि दत्तोबाच्या कांद्याने वाचवली होती.

पुढल्या दुपारी ती पाइपाशी बादली घेऊन बसली होती. ऊन कालच्याहून कडक होतं, पण वारा सुटला होता. बादली भरली. सहा सेकंद. सगळ्यांत कमी. तिने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सहा.

बांधावरून दादासो चालला होता. थांबला. काल काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "किती येतंय गं आज?"

आजवर कुणी आकडा विचारला आणि तिने सांगितला नाही, असं झालं नव्हतं. तिने वही मिटली आणि बादली पाटात रिकामी करून वहीवर उपडी घातली.

"मोजलं नाही, तात्या."

तो बांधावरून पुढे निघून गेला. तिने मळ्याच्या तोंडाशी चपला काढल्या, खोरं उचललं आणि पाणी अकराव्या वाफ्यात सोडलं.